शेख टिकटिक आणि नदीची पट्टी

दोमा गावात वेळ कुणी विचारत नसे. खलफल्ला घाटाकडे निघालेला दिसला की सकाळचे आठ, पुन्हा निघालेला दिसला की दुपारचे बारा आणि तिसऱ्यांदा दिसला की संध्याकाळचे सहा. बायका त्याच्या पांढऱ्या पायघोळ जलाबियाकडे बघून चुलीवर भांडं चढवत आणि उतरवत. एकदा त्याला ताप आला आणि तो तासभर उशिरा निघाला, तर सगळ्या गावाची भाजी करपली. लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करायला आले, पण चेहऱ्यावर काळजीपेक्षा रागच जास्त होता.

घाटाच्या दगडी पायऱ्यांना पांढऱ्या पत्र्याची एक लांब पट्टी ठोकलेली होती. तिच्यावर काळे आकडे. नाईलचं पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते दिवसातून तीनदा बघायचं, वहीत लिहायचं आणि तारेने वरच्या कचेरीला कळवायचं, ही खलफल्लाची नोकरी. तेवीस वर्षं तो हे करत होता. सित्तनाला मागणी घालायला गेला तेव्हा तिच्या बापाने विचारलं होतं, "काम काय करतोस?"

"नदी बघतो."

"ते तर आम्ही सगळेच करतो."

"मी पगार घेऊन बघतो."

असा हुशार माणूस जावई म्हणून सोडू नये, असं म्हाताऱ्याने ठरवलं.

खलफल्लाची पट्टी वाचायची पद्धत बघण्यासारखी होती. वहाणा काढायच्या, शेवटच्या कोरड्या पायरीवर पालथं पडायचं, गाल दगडाला टेकवायचा आणि एक डोळा मिटून दुसरा थेट पाण्याच्या रेषेत आणायचा. वारा असला की लाट वर जाते तिथला आकडा घ्यायचा, खाली येते तिथला घ्यायचा, अशा दहा लाटा मोजायच्या आणि त्यातला मधला आकडा धरायचा. गावात नव्याने आलेल्या सुनेला हा प्रकार माहीत नसे. धडधाकट माणूस दिवसातून तीनदा पाण्याकाठी पालथा पडतो हे बघून ती घाबरून सासूला सांगायची, आणि सासू म्हणायची, "अगं, तो सरकारी आहे."

शिवाय महिन्यातून एकदा तो पाण्याचा वेग मोजायचा. काठावर शंभर पावलांच्या अंतराने दोन खांब रोवलेले होते. वरच्या खांबापाशी तो पोकळ वाळका भोपळा पाण्यात सोडायचा आणि खालच्या खांबापर्यंत घड्याळ हातात धरून त्याच्याबरोबर धावत जायचा. पन्नाशीचा माणूस भोपळ्याशी शर्यत लावतो आणि भोपळा जिंकला की समाधानाने आकडा लिहून ठेवतो, हे दोमाकरांच्या अंगवळणी पडलं होतं.

पण त्याच्या आकड्यांवर गाव चालायचं. पूर ओसरला की काठाची गाळाची जमीन हळूहळू उघडी पडे. तिथे पावटा कधी टोचायचा, पंप किती खाली उतरवायचा, हे खलफल्लाला विचारूनच ठरे. आणि आगबोटीचा रईस दहब, म्हणजे कप्तान, तर म्हणायचा की मी सुकाणू धरतो, पण बोट खलफल्ला चालवतो. पट्टीवर एक मीटर तीसच्या वर पाणी असलं तर बोट पूर्ण भरायची, त्याखाली गेलं तर अर्धी. नाहीतर दोमासमोरच्या वाळूच्या उंचवट्यावर ती बसलीच म्हणून समजा.

वाचन झालं की खलफल्ला तारेच्या ऑफिसात जाई. तिथे तारमास्तर हम्मूदा चहा पीत बसलेला असे.

"एक बासष्ट," खलफल्ला सांगे.

"काल त्रेसष्ट होतं. एक सेंटिमीटर गेला कुठे?"

"इजिप्तला."

"रोज तिकडेच जातो. परत काही येत नाही. आपण तक्रार का करत नाही?"

हे संभाषण बारा वर्षं चाललं होतं. त्यात आकड्याखेरीज कधी काही बदललं नव्हतं आणि ते बदलावं असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं.

बदललं ते फेब्रुवारीत. आगबोटीतून वरच्या कचेरीचे इंजिनियर मुर्तदा उतरले आणि त्यांच्यामागून एक लाकडी पेटी उतरली. पेटीत यंत्र होतं. एक पितळी नळकांडं, त्याला गुंडाळलेला कागद, त्यावर टेकलेली लेखणी, नळकांडं फिरवायला चावीचं घड्याळ आणि तारेला लटकणारा तांब्याचा पोकळ गोळा. काठाला विहीर खणायची, खालून नळी घालून ती नदीला जोडायची, म्हणजे नदीचं पाणी तेच विहिरीचं पाणी. गोळा त्यावर तरंगणार, पाण्याबरोबर वर-खाली होणार आणि लेखणी कागदावर रेघ ओढणार.

"नदी आता स्वतःचं स्वतःच लिहील," मुर्तदासाहेब म्हणाले.

खलफल्लाने यंत्राकडे आदराने बघितलं. "चांगलंय. आणि मी काय लिहू?"

"नव्वद दिवस तुम्ही तुमचं लिहा, यंत्र त्याचं लिहील. दोन्ही जुळले की तुमची गरज संपली."

"आणि नाही जुळले तर?"

"जुळणार. तुमची सोय केलीय, काळजी करू नका. वादी अंबूरला जागा रिकामी आहे."

हे ऐकून पेटी बघायला आलेल्या हम्मूदाने चहाचा पेला खाली ठेवला. वादी अंबूर म्हणजे लाल समुद्राकडच्या डोंगरातला कोरडा ओढा. तिथेही सरकारने पट्टी लावली होती, कारण सरकारी नकाशात तिथे निळी रेघ होती. त्या रेघेतून शेवटचं पाणी अकरा वर्षांपूर्वी वाहिलं होतं, तेही दोन दुपारी. तिथला आधीचा पट्टीवाला दिवसातून तीनदा वाळूत पालथा पडून वहीत "निरंक" लिहायचा. बारा हजार वेळा निरंक लिहून तो निवृत्त झाला. निरोपाच्या समारंभात कुणीतरी त्याला पाण्याचा पेला दिला, तर म्हणे तो आधी गाल टेकवून त्यातली पातळी बघत बसला.

यंत्राची खोली बांधायचं काम फदुल गवंड्याकडे आलं. नकाशात छत पत्र्याचं होतं. पत्रा आला नाही, लाकूड वाळवी ठेवत नाही, आणि फदुलला पत्र्याविना आणि लाकडाविना एकच छत येत होतं, घुमट. त्याने सुरेख घुमट बांधला. इंजिनियर परत जाताना म्हणाले होते की खोली नीट दिसली पाहिजे, तेव्हा खलफल्लाने तिला आतून-बाहेरून चुना मारला. ज्या खोलीमुळे आपली बदली होणार तिला माणसाने इतकं मन लावून चुना मारू नये, पण त्याला काम वाईट करता येत नसे. दाराला रंग नव्हता. रईस दहबने आगबोटीच्या कठड्याचा उरलेला हिरवा रंग दिला.

आता नाईलच्या काठी पांढरा घुमट आणि हिरवं दार असलेली लहानशी खोली उभी राहिली, तर तिच्यात कोण असतं हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिच्यात पीर असतो.

त्यात आतून आवाज यायचा. विहीर पोकळ, त्यामुळे घड्याळाची टिकटिक घुमून बाहेर यायची. ऐंशीच्या पुढे गेलेली हाजा रय्या, जिला सगळं गाव हबूबा म्हणजे आजी म्हणे, तिने एक दिवस भिंतीला कान लावला आणि डोळे मिटले.

"आत कुणीतरी जपमाळ ओढतंय," ती म्हणाली.

"हबूबा, ते घड्याळ आहे," खलफल्ला म्हणाला.

"घड्याळ तारमास्तराकडेही आहे. ते कधी असं तल्लीन होऊन चाललंय?"

"त्याचं बंद पडतं."

"तेच म्हणते मी. हे बंद पडत नाही. रात्रंदिवस अल्लाचं नाव घेतंय. तू ह्याला कोंडून ठेवलंयस आणि वर मला शिकवतोस?"

"हबूबा, फदुलने बांधताना तू समोर बसली होतीस! विटा मोजत होतीस!"

"हो, बसले होते. बांधताना आत कुणी नव्हतं. नंतर आला असेल. तुझ्या घरी पाहुणे काय बांधकाम चालू असताना येतात?"

आठवड्याभरात पिराचं नाव शेख टिकटिक पडलं. दाराच्या कडीला चिंध्या बांधल्या गेल्या. फदुलची हरवलेली शेळी सापडली. तशी ती दर आठवड्याला हरवायची आणि सापडायची, पण आता त्याचं श्रेय घ्यायला कुणीतरी होतं. किल्ली खलफल्लाकडे आणि कागद बदलायला दर गुरुवारी आत जाणाराही तोच, म्हणून लोक त्याला दर्ग्याचा सेवेकरी समजू लागले. परगावची एक बाई तर त्याच्या जलाबियाची कड डोळ्यांना लावून गेली. त्या दिवशी त्याने वहीत एक सेंटिमीटर चुकीचा लिहिला आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा खाडाखोड केली.

पण खरं दुःख निराळंच होतं. आकडे जुळत होते. यंत्र एक अठ्ठावन्न म्हणे, पट्टीही एक अठ्ठावन्न. यंत्र एक त्रेपन्न, पट्टीही एक त्रेपन्न. दर अचूक आकड्याबरोबर खलफल्ला स्वतःला एकेक पाऊल वादी अंबूरकडे ढकलत होता. चाळिसाव्या दिवशी जेवताना सित्तनाने विषय काढला.

"अहो फातमाचे बाबा, दोन बोटं इकडेतिकडे लिहिलीत तर नदी काय तक्रार करायला जाणार आहे?"

"नदी नाही जाणार. पण मला रोज तीनदा तिला तोंड दाखवायचंय."

"तोंड कुठे, गाल दाखवता तुम्ही."

"सित्तना, मी खोटं लिहिलं आणि दहबची बोट त्यावर भरली तर?"

"आणि खरं लिहिलंत आणि आपण त्या ओढ्यात गेलो तर? मी भांडी कशाने घासू? निरंकने?"

खलफल्ला ताटातली असीदा चिवडत राहिला. ज्वारीच्या पिठाचा तो घट्ट, गुळगुळीत गोळा सित्तनासारखा गावात कुणाला जमत नसे. "मला नाही जमणार," तो म्हणाला. सित्तनाने त्याच्याकडे बघितलं, भांडी उचलली आणि पुन्हा एका शब्दाने तो विषय काढला नाही. बावीस वर्षांच्या संसारात ती पहिल्यांदाच इतक्या लवकर गप्प झाली होती. शहाणा माणूस घाबरला असता. खलफल्ला दुपारची झोप काढायला गेला.

त्यानंतर घरात दोन गोष्टी घडू लागल्या. पातेल्यात असीदा रोज जास्त शिजू लागली आणि ताटात कमी येऊ लागली. आणि दुपारी, पुरुष माणसं घोरत असताना, घाटाकडून बायकांची कुजबुज ऐकू येऊ लागली. एकदा झोपेतच त्याने विचारलं, "काय चाललंय?" "धुणं," सित्तना म्हणाली. धुणं घेऊन जाताना कुणी डोक्यावर झाकलेलं पातेलं का नेतं, हा प्रश्न जागेपणी पडणारा होता.

एक्कावन्नाव्या दिवशी चमत्कार झाला. पट्टीवर एक सदतीस आणि यंत्रावर एक अडतीस. दुसऱ्या दिवशी पट्टीवर एक छत्तीस, यंत्रावर अडतीसच. मग पस्तीस, तरी यंत्रावर अडतीस. लेखणी कागदावर पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ ओढत सुटली. खलफल्लाला आधी आनंद झाला, मग त्या आनंदाची लाज वाटली आणि शेवटी भीती वाटली. त्याने यंत्राला तेल दिलं, तार तपासली, घड्याळाला चावी दिली. विहिरीत डोकावून बघितलं, पण खाली नऊ मीटर मिट्ट काळोख. आंबूस वास मात्र येत होता. मासा मेला असेल, असं त्याला वाटलं.

त्याने वर कळवलं. वरून उत्तर आलं ते हम्मूदाने घसा साफ करून वाचून दाखवलं: "यंत्र बसवल्यापासून नदी स्थिर झाली आहे. समाधान व्यक्त करण्यात येत आहे. पट्टीवाल्याने डोळे तपासून घ्यावेत."

"नदी स्थिर झाली म्हणजे?" खलफल्लाने विचारलं.

"शिस्त लागली तिला. यंत्राला घाबरते. तुला तेवीस वर्षांत जमलं का?"

खलफल्ला तालुक्याच्या दवाखान्यात गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता दाखवून शेवटची ओळ वाचायला सांगितली. सवयीने त्याने वहाणा काढल्या, फरशीवर पालथा पडला, गाल टेकवला आणि एक डोळा मिटला.

"अहो, काय करताय?"

"ओळ डोळ्याच्या रेषेत यायला हवी, डॉक्टर. तुमचा तक्ता डावीकडे एक सेंटिमीटर झुकलाय."

डॉक्टरांनी मोजून बघितलं. एक सेंटिमीटर. त्यांनी दाखला लिहिला: ह्या माणसाचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत.

दाखला वर गेला. वरून तार: "डोळे चांगले असल्यास पट्टी खचली असावी." फदुलने ओळंबा लावून तपासलं, पट्टी जागेवर होती. तार: "मग काठ वर आला असावा." खलफल्लाने भोपळा सोडला. भोपळा पूर्वीपेक्षा कितीतरी सावकाश वाहत होता, म्हणजे पाणी उतरतंय ह्याला आणखी एक साक्षीदार मिळाला. त्याने तेही कळवलं. तार: "भोपळ्याची तपासणी करावी."

"आता हा दाखला कोण देणार?" हम्मूदा म्हणाला. "जनावरांचा डॉक्टर बोलवायचा की भाजीवाला?"

पाणी एक वीसवर आलं, एक चौदावर आलं. यंत्र अडतीसवर ठाम. शेवटी ती तार आली जिची त्याला धास्ती होती. नव्वदाव्या दिवशी इंजिनियर मुर्तदा स्वतः आगबोटीने येत आहेत. आकडे जुळत नाहीत हा पट्टीवाल्याचा दोष ठरला असून वादी अंबूरचा हुकूम ते सोबत आणत आहेत. आणि खाली एक ओळ: यंत्राच्या एक अडतीस ह्या आकड्यानुसार बोट पूर्ण भरण्यात येत आहे.

"जुळलं असतं तर माणूस नको," खलफल्ला हळूच म्हणाला, "आणि नाही जुळलं तर हा माणूस नको."

"ते राहू दे. बोट भरतायत त्याचं काय?"

खलफल्लाने तार लिहून दिली: "पट्टीवर एक आठ. भरू नका." हम्मूदाने ती चारदा पाठवली. तीनदा नियमाप्रमाणे आणि चौथ्यांदा मनाने. उत्तर आलं नाही.

नव्वदाव्या दिवशी सकाळी आठला खलफल्लाने गाल टेकवला. एक आठ. उठून बघतो तर वरच्या वळणावर धूर. आगबोट आली, दोन्ही बाजूंना बांधलेले सपाट पडाव पोत्यांनी भरलेले, पाण्यात इतकी खोल की कठडा भिजत होता. गाव घाटावर जमलं. बोटीने दोमासमोर वळण घेतलं, एक लांब, खरखरीत ढेकर दिली आणि नदीच्या मध्यावर थांबली. चाकं फिरत राहिली, नुसती वाळू उडवत.

रईस दहबने भोंगा हाताने तोंडाशी धरला. "खलफल्लाऽऽ! किती?"

"पट्टीवर एक आठ!"

"आणि यंत्रावर?"

"एक अडतीस!"

"मग असं करा," दहब गरजला, "मी यंत्रावरून पुढे जातो, माझी बोट पट्टीवर राहू दे!"

मुर्तदासाहेब डेकवर आले. हातात कागदांची सुरळी होती. "रईस, बोट का थांबवली?"

"मी नाही थांबवली, साहेब. ती बसलीय."

"बसणं शक्य नाही. आपल्याखाली अजून तीस सेंटिमीटर पाणी आहे. इथे रेघ बघा."

"बघितली. सुंदर आहे. आता जरा खाली उतरून ते तीस सेंटिमीटर कुठे गेलेत तेवढं बघून या, म्हणजे मी त्यात बोट घालतो."

मुर्तदासाहेब हट्टी होते, पण भित्रे नव्हते. त्यांनी पायजम्याचे पाय वर गुंडाळले, शिडी लावली आणि नाईलच्या ऐन मध्यावर उतरले. पाणी गुडघ्यापर्यंत आलं. ते क्षणभर आपल्या गुडघ्यांकडे बघत राहिले आणि मग तडक काठाकडे चालू लागले.

"साहेब, डावीकडून!" खलफल्ला ओरडला. "समोर खड्डा आहे! एक सत्तरचा!"

"यंत्रात खड्डा दिसला नाही!" साहेब म्हणाले आणि दिसेनासे झाले.

त्यांना फदुलने आणि खलफल्लाने बाहेर काढलं. काठावर हाजा रय्याने त्यांच्या खांद्यावर आपली ओढणी टाकली आणि म्हणाली, "लेकरा, आंघोळ करूनच आलास ते बरं केलंस. शेखला आवडतं. आता वहाणा काढ."

"कोण शेख?"

"तूच तर आणलास. पेटीतून."

वहाणा नदीने आधीच काढून घेतल्या होत्या. साहेब अनवाणी आत गेले. खलफल्लाने फरशीवरचं झाकण उघडलं आणि कंदील दोरीने विहिरीत सोडला. दोघं पालथे पडून, गाल टेकवून खाली बघू लागले.

खाली पाणी नव्हतंच. म्हणजे असेल, पण दिसत नव्हतं. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असीदा भरली होती. जवळजवळ पन्नास दिवसांची, थरावर थर, वर खरपूस साय धरलेली. तिच्यात खजूर रोवलेले, त्यातल्या काहींना हिरवे कोंब फुटलेले. आणि ह्या सगळ्याच्या मधोमध, सिंहासनावर बसावा तसा, तांब्याचा गोळा. हलत नव्हता, डुलत नव्हता. नदीकडून येणारी नळी बंद, आत एक अडतीस, बाहेर एक आठ. विहिरीच्या भिंतीतून बाहेर काठावर उघडणाऱ्या हवेच्या झरोक्याला अजून ओल्या पिठाची बोटं दिसत होती.

"माझ्या वाट्याची असीदा," खलफल्लाच्या तोंडून निघून गेलं.

साहेब बाहेर आले. आवाज चढवायचा त्यांचा विचार होता, पण खांद्यावर म्हातारीची ओढणी असताना तो चढेना. "हे कुणी केलं?"

"आम्ही," हाजा रय्या म्हणाली. "सगळ्या जणींनी."

"का पण?"

"नवस होता."

"कसला नवस?"

म्हातारीने काठी खलफल्लाकडे रोखली. "ह्याची बदली होऊ नये म्हणून. हा गेला तर पावटा कधी टोचायचा ते कुणाला विचारायचं? भांडं कधी उतरवायचं? ह्या यंत्राला? ते तर बिचारं जपात असतं."

खलफल्लाने सित्तनाकडे बघितलं. ती अंगाभोवती गुंडाळलेल्या तोबाचा पदर तोंडावर धरून नदीकडे बघत होती, जणू तिथे काहीतरी वाचत होती.

"अहो आजी," मुर्तदासाहेब म्हणाले, "तुमच्या असीदाने नळी तुंबली. म्हणून आकडे चुकले! पीर-बीर काही नाही ह्यात!"

"म्हणजे नवस फळला नाही म्हणतोस?"

"तसं नाही... फळला म्हणजे... नळी तुंबल्यामुळे यंत्र चुकलं, यंत्र चुकल्यामुळे पट्टीवाला बरोबर ठरला, आणि पट्टीवाला बरोबर असेल तर त्याला..." साहेब बोलता बोलता थांबले.

"त्याला काय?" म्हातारी म्हणाली. "बोल, बोल. चांगलं चाललंय."

साहेबांनी खिशात हात घातला आणि बदलीचा हुकूम बाहेर काढला. एक सत्तरच्या खड्ड्याने त्यावरची शाई पुसून नेली होती. ओलाचिंब कोरा कागद. नुसता कागद पुसला म्हणून हुकूम मोडत नाही, हे साहेबांना माहीत होतं आणि खलफल्लालाही. हुकूम पुन्हा लिहिता येतो. पण बायकांनी तो कोरा कागद बघितला आणि एकीने आनंदाने अशी काही किलकारी घातली की बोटीवर दहबला वाटलं, पाणी चढलं.

बोट चार दिवस हलली नाही. अर्धी पोती होडक्यांनी उतरवावी लागली. ते चार दिवस साहेब खलफल्लाच्या घरी राहिले आणि दोन्ही वेळा असीदा जेवले. पहिल्या दिवशी त्यांनी ती घाबरत घाबरत खाल्ली. तिसऱ्या दिवशी आणखी मागितली. सकाळी आठला ते खलफल्लाबरोबर घाटावर जात. पहिल्या सकाळी नुसते बघत उभे राहिले. दुसऱ्या सकाळी त्यांनीही वहाणा काढल्या, दहबकडून उसन्या आणलेल्या, आणि शेजारच्या पायरीवर पालथे पडले.

"एक सहा," साहेब म्हणाले.

"सात. तुम्ही लाटेचा वरचा आकडा धरलाच नाही."

"एक सात," साहेबांनी कबूल केलं. मग गाल दगडावर तसाच ठेवून म्हणाले, "अहवालात काय लिहू, खलफल्ला? असीदा म्हणून लिहिलं तर मलाच वादी अंबूरला पाठवतील."

"खरं ते लिहा, साहेब."

"खरं लिहायची सोय असती तर मी नदीत कशाला उतरलो असतो?"

दुपारी साहेबांनी अहवाल लिहिला आणि हम्मूदाने तो पाठवण्याआधी मोठ्याने वाचून दाखवला: "स्थानिक परिस्थिती पाहता यंत्राला अनुभवी माणसाची कायमची देखरेख आवश्यक आहे. पट्टीचं वाचन पूर्ववत चालू ठेवावं. बोट पट्टीच्या आकड्यावर भरावी."

"ह्यात एकही शब्द खोटा नाही," खलफल्ला आश्चर्याने म्हणाला.

"आणि एकही समजत नाही," हम्मूदा म्हणाला. "हा माणूस वर जाणार."

विहीर उपसायला दोन दिवस लागले. तळाशी एक मांजरमासा सापडला. नळीतून आत आला तेव्हा लहान असणार. खाऊन खाऊन एवढा फुगला होता की त्या नळीतून परत जाणं ह्या जन्मी शक्य नव्हतं. त्याला नदीत सोडलं तर तो तिथेच घाटापाशी घुटमळत राहिला. हाजा रय्याशी करार झाला: शेख टिकटिकला डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय, नैवेद्य झरोक्यातून आत टाकायचा नाही, दाराबाहेरच्या दगडावर ठेवायचा. म्हातारीने बरीच घासाघीस करून तो मान्य केला.

पाचव्या दिवशी बोट सुटली. निघण्याआधी साहेब एकटेच घुमटाकडे गेले. खलफल्ला बाराच्या वाचनाला येत होता, त्याने लांबूनच बघितलं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून मूठभर खजूर काढले, दगडावर ठेवले, मग विचार बदलला आणि त्यातला एक हळूच झरोक्यातून आत सोडला. त्यांच्या बढतीचा कागद वर अडकला होता, असं दहबने नंतर सांगितलं.

खलफल्लाने त्यांना पायऱ्या चढून जाऊ दिलं. मग वहाणा काढल्या, पालथा पडला आणि दहा लाटा मोजल्या. एक सहा. यंत्रावरही एक सहा होतं.

ह्या गोष्टीला आता काही वर्षं झाली. दर गुरुवारी खलफल्ला लांब काठी घेऊन नळी साफ करतो, त्यामुळे यंत्र आणि पट्टी एकमेकांशी भांडत नाहीत. वरच्या कचेरीतून दर फेब्रुवारीत बदल्यांची यादी निघते. ती यायच्या आधीच्या आठवड्यात सित्तनाच्या पातेल्यात असीदा जरा जास्त शिजते आणि ताटात जरा कमी येते. खलफल्ला काही विचारत नाही. फक्त त्या गुरुवारी काठी जरा लांबशी नेतो आणि नळी दोनदा साफ करतो.